जखमी जवानाची परतीची वाट

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या दोन राज्यांना लागून असलेल्या गोंदिया जिल्ह्यात 'जवान' हा शब्द दोन अर्थांनी रूढ आहे. देशाच्या सीमेवर उभा असलेला सैनिक हा जसा जवान, तसाच सालेकसा, देवरी आणि अर्जुनी मोरगाव या तालुक्यांच्या जंगलांत गस्त घालणारा पोलीसही जवानच. दोघांचे सेवानियम, निवृत्तिवेतन आणि उपचारांच्या सोयी वेगवेगळ्या असल्या, तरी सुरुंगाच्या स्फोटात पाय गेला किंवा मणक्यात गोळी रुतली की दोघांनाही एकाच वाटेने जावे लागते. ही वाट चकमकीच्या जागेपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत, तेथून पुनर्वसन केंद्रापर्यंत आणि अखेर स्वतःच्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येते. तिचा पहिला टप्पा मिनिटांत मोजला जातो, दुसरा आठवड्यांत, तिसरा महिन्यांत, आणि शेवटचा टप्पा उरलेल्या आयुष्याइतका लांब असतो. शौर्याच्या हकिकती बहुधा पहिल्या टप्प्यापाशीच थांबतात. जखमी माणसाच्या धैर्याचा कस मात्र पुढच्या टप्प्यांत लागतो, आणि त्या वाटेवर त्याला हात देणारी माणसे व संस्था किती दूरवर त्याच्यासोबत येतात, यावर त्या धैर्याचे फळ अवलंबून असते.

जंगलातला पहिला तास

१ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला गोंदिया जिल्हा बाहेरच्या वाचकाला धानासाठी, भातगिरण्यांसाठी आणि नवेगाव-नागझिऱ्याच्या अभयारण्यांसाठी ठाऊक असतो. पूर्वेकडचा त्याचा डोंगराळ पट्टा मात्र छत्तीसगडच्या जंगलाशी आणि दक्षिणेकडचा भाग गडचिरोलीशी जोडलेला आहे. त्यामुळे माओवादी संघटनेने महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा मिळून जो विभाग आखला होता, त्यात गोंदियाचा हा पट्टा येत असे. या भागात पोलिसांची सशस्त्र दूरक्षेत्रे, म्हणजे जंगलातील कायमस्वरूपी चौक्या, उभ्या राहिल्या आणि गडचिरोलीत १९९० मध्ये सुरू झालेल्या सी-६० या कमांडो पथकाच्या धर्तीवर गोंदियातही स्थानिक तरुणांची पथके तयार झाली. जंगलाची, पायवाटांची आणि लोकांच्या बोलीची जाण असलेला तरुण हा या पथकांचा कणा असतो. म्हणून तो जखमी होतो तेव्हा ती जखम बहुधा याच परिसरातल्या एखाद्या गावात, एखाद्या ओळखीच्या घरात पोहोचते.

या भागातील जखमांचे स्वरूप दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार गोळीच्या जखमेचा आणि दुसरा जमिनीत पुरलेल्या स्फोटकांचा. गोळी शरीरात शिरताना लहान छिद्र पाडते, पण आत हाडावर आदळली की हाडाचे तुकडे आजूबाजूच्या स्नायूंत घुसतात. सुरुंगाचा स्फोट याहून क्रूर असतो, कारण त्याचा दाब खालून वर येतो, पाऊल आणि नडगी यांच्या चिंधड्या करतो आणि माती, दगड, बुटाचे तुकडे, कापडाचे धागे मांसाच्या थरांत खोलवर ढकलतो. कानाचे पडदे फाटणे, डोळ्यांत कण जाणे आणि डोक्याला बसलेल्या हादऱ्यामुळे मेंदूला इजा होणे, हेही अशा स्फोटाबरोबर घडते, आणि पायाच्या भीषण जखमेपुढे या इजा पहिल्या काही दिवसांत लक्षातही येत नाहीत.

अशा जवानाचा जीव जातो तो बहुतेक वेळा रक्तस्रावाने. मांडीतील मोठी रक्तवाहिनी फुटली तर काही मिनिटांतच माणूस हाताबाहेर जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक जवानाला जे पहिले वैद्यकीय कौशल्य शिकवले जाते, ते टुर्निकेट बांधण्याचे, म्हणजे जखमेच्या वरच्या बाजूला रुंद पट्टा आवळून रक्ताचा ओघ थांबवण्याचे. हा पट्टा बांधणारे हात डॉक्टरचे नसतात. ते शेजारच्या सोबत्याचे असतात, आणि तो सोबती त्या वेळी स्वतःही गोळीबाराखाली असतो. जखमेनंतरच्या पहिल्या तासाला वैद्यकशास्त्रात 'सुवर्ण तास' म्हणतात, कारण या तासात रक्तस्राव थांबला, श्वास मोकळा राहिला आणि शस्त्रक्रियेची सोय झाली, तर जगण्याची शक्यता कितीतरी वाढते. जिथे मोटार जाऊ शकत नाही आणि पावसाळ्यात नाले वाट अडवतात, अशा जंगलात हा तास गाठण्याचे भरवशाचे साधन म्हणजे हेलिकॉप्टर. १३ नोव्हेंबर २०२१ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील मर्दिनटोल्याच्या जंगलात झालेल्या मोठ्या चकमकीत जखमी झालेल्या चार जवानांना हेलिकॉप्टरनेच नागपूरला हलवण्यात आले होते. पूर्व विदर्भातील गंभीर जखमी जवानाच्या वाटेवरचा पहिला मोठा थांबा हा असा नागपूरचा असतो.

जखमी अवस्थेत हातातले काम न सोडण्याची अनेक उदाहरणे भारतीय सैन्याच्या इतिहासात नोंदलेली आहेत. कारवार परिसरातून आलेले आणि बॉम्बे सॅपर्स या अभियंता दलाचे अधिकारी असलेले रामा राघोबा राणे एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा ते राजौरी या मार्गावरील सुरुंग काढत होते. ८ एप्रिलला शत्रूच्या माऱ्यात त्यांचे काही सहकारी ठार झाले आणि ते स्वतः जखमी झाले, तरी ११ एप्रिलपर्यंत त्यांनी रणगाड्यांसाठी वाट मोकळी करण्याचे काम चालू ठेवले. त्यासाठी त्यांना परमवीरचक्र मिळाले. मुंबईत १९३७ साली जन्मलेले इयान कार्डोझो १९७१ च्या युद्धात सिल्हेटच्या आघाडीवर गोरखा पलटणीत अधिकारी होते. सुरुंगावर पाय पडून तो निकामी झाल्यावर, वेदनाशामक औषध हाताशी नसताना, त्यांनी खुकरीने तो वेगळा केला. पुढे कृत्रिम पायावर उभे राहून त्यांनी पायदळाच्या तुकडीचे नेतृत्व केले आणि ते मेजर जनरल या पदापर्यंत पोहोचले. खुकरीचा प्रसंग सर्वत्र सांगितला जातो. परंतु पाय गमावलेला अधिकारी पलटण सांभाळू शकतो हे वरिष्ठांना पटवून देण्यासाठी धावणे, चढणे आणि चालणे यांच्या परीक्षा पुन्हा पुन्हा देत राहणे, हे त्यांचे दुसरे धैर्य पहिल्याहून कमी नव्हते.

शस्त्रक्रियेनंतर सुरू होणारे काम

स्फोटाची जखम एका शस्त्रक्रियेत बरी होत नाही. पहिल्या वेळी शल्यविशारद मृत झालेले मांस आणि आत शिरलेली घाण काढून जखम धुतात व ती शिवून न टाकता मुद्दाम उघडी ठेवतात, कारण आत जंतू राहिलेल्या जखमेवर टाके घातले तर पू साठून सबंध अंग सडण्याचा धोका असतो. दोन-तीन दिवसांनी पुन्हा भूल, पुन्हा सफाई, आणि जखम निरोगी दिसू लागली की मगच ती बंद करणे किंवा तिच्यावर त्वचा बसवणे, असा हा क्रम चालतो. पाय कापावाच लागला तर तो कोठे कापायचा, या निर्णयावर जवानाचे पुढचे सारे चालणे ठरते. गुडघा वाचला तर कृत्रिम पायाने चालताना शरीराला पडणारे कष्ट पुष्कळ कमी होतात. गुडघा गेला तर प्रत्येक पावलाला कंबर आणि मांडी यांना जास्तीचे बळ लावावे लागते. म्हणून शल्यविशारद गुडघ्याखालची चार बोटे जागा राखण्यासाठीही तासन्‌तास झटतात.

उरलेल्या भागाला वैद्यकीय व्यवहारात 'स्टंप' आणि बोलण्यात थोटूक म्हणतात. हे थोटूक सुजलेले असते. रोज घट्ट पट्टी बांधून त्याला निमुळता आकार द्यावा लागतो आणि गुडघा किंवा मांडीचा सांधा आखडू नये म्हणून व्यायाम करावे लागतात. गुडघ्याखाली उशी घेऊन पडून राहणे रुग्णाला सुखाचे वाटते. पण तसे केले तर सांधा वाकलेल्या अवस्थेत आखडतो आणि पुढे कृत्रिम पाय नीट बसत नाही. त्यामुळे परिचारिका ती उशी काढून घेते आणि जवानाला पालथे झोपायला सांगते. पुनर्वसनात अशा गोष्टींची रांगच लागते: आजचा आराम सोडून उद्याचे चालणे मिळवायचे, तेही रोज, आणि कोणी पाहत नसताना.

पाय कापल्यानंतरही तो आहे असे वाटणे, त्याच्या अंगठ्याला खाज सुटणे किंवा नसलेल्या पोटरीत पेटके येणे, या अनुभवाला 'आभासी अवयव' म्हणतात. सोळाव्या शतकातील फ्रेंच लष्करी शल्यविशारद आंब्रुआज पारे यांनी अशा वेदनांची नोंद केली होती, आणि अमेरिकेतील यादवी युद्धातील जखमींवर उपचार करणाऱ्या सायलस वेअर मिचेल यांनी १८७१ मध्ये या अनुभवासाठी हे नाव रूढ केले. मेंदूत शरीराचा जो नकाशा असतो त्यातून पाय पुसला गेलेला नसतो, म्हणून ही वेदना होते. ती कल्पनेतली नसते आणि मनाच्या दुबळेपणाचीही खूण नसते. भारतीय वंशाचे मेंदूशास्त्रज्ञ विलयनूर रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात यावर आरशाचा उपाय सुचवला. रुग्णाने शाबूत अवयव आरशासमोर हलवला की आरशात दोन्ही अवयव हलताना दिसतात आणि काहींच्या बाबतीत त्यामुळे वेदना सैल पडते. गावाकडच्या जवानाला रात्री नसलेला पाय दुखतो तेव्हा तो हे कोणाला सांगायला धजत नाही, कारण आपल्याला वेड लागले असे लोक म्हणतील ही भीती असते. ही वेदना खरी असते आणि तिला नाव आहे, एवढे कळण्यानेही त्याचे निम्मे ओझे उतरते.

दर दोन तासांनी कूस

मणक्याची जखम ही याहून वेगळी गोष्ट आहे. पाठीच्या कण्यातील मज्जारज्जू, म्हणजे मेंदूकडून अवयवांकडे संदेश नेणारी मज्जातंतूंची दोरी, तुटली की तिच्या खालच्या भागाची हालचाल आणि संवेदना दोन्ही जातात. कमरेखालचे शरीर असे लुळे पडले तर त्याला पॅराप्लेजिया म्हणतात. पहिल्या महायुद्धात अशा बहुतेक जखमींना मृत्यू येई, आणि तो गोळीने नव्हे, तर अंथरुणाला टेकलेल्या त्वचेत पडणाऱ्या व्रणांनी आणि लघवीच्या मार्गातील जंतुसंसर्गाने. नाझी जर्मनीतून इंग्लंडमध्ये आश्रयाला आलेले ज्यू डॉक्टर लुडविग गुट्टमान यांनी फेब्रुवारी १९४४ मध्ये स्टोक मँडव्हिल येथे मणक्याच्या जखमींसाठी विभाग सुरू केला आणि एक साधी शिस्त लागू केली: रुग्णाला दिवसरात्र दर दोन तासांनी कुशीवर वळवायचे. या शिस्तीसोबत मूत्राशयाची स्वच्छ निगा आणि शरीराचा उरलेला भाग बळकट करणारा व्यायाम आला, आणि जे रुग्ण मरणासाठी ठेवले जात ते जगू लागले. याच डॉक्टरांनी २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशी, १६ अपंग माजी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा रुग्णालयाच्या आवारात भरवली. आजच्या पॅरालिंपिकचे मूळ त्या स्पर्धेत आहे.

महाराष्ट्राला या इतिहासाशी जोडणारे नाव मुरलीकांत पेटकर यांचे आहे. सांगली जिल्ह्यातील पेठ या गावी १९४४ साली जन्मलेले पेटकर सैन्याच्या विद्युत व यांत्रिकी अभियंता दलात होते आणि मुष्टियुद्ध खेळत. १९६५ च्या युद्धात ते गोळ्यांनी जखमी झाले, मणक्याला इजा झाली आणि पायांची शक्ती गेली. मुंबईच्या 'अश्विनी' या नौदल रुग्णालयात उपचार चालू असताना त्यांना पोहण्याचा व्यायाम देण्यात आला. पाण्यात शरीराचे वजन हलके होते, पाय ओझे न होता मागे तरंगत राहतात आणि सगळे काम खांदे व हात करतात, म्हणून मणक्याच्या जखमींना पोहणे लाभते. पेटकरांच्या बाबतीत या उपचाराचेच खेळात रूपांतर झाले. १९६८ मध्ये तेल अवीव येथील पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले, आणि १९७२ मध्ये पश्चिम जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैली जलतरणाची शर्यत ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह, जिंकली. भारताला पॅरालिंपिकमध्ये मिळालेले हे पहिले सुवर्णपदक होते. ऑलिंपिकमध्ये भारताला पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळायला त्यानंतर ३६ वर्षे जावी लागली. पेटकरांना पद्मश्री मिळाली ती २०१८ मध्ये, म्हणजे त्या शर्यतीनंतर ४६ वर्षांनी; त्यांच्या जीवनावरचा चित्रपट २०२४ मध्ये आला आणि त्याच वर्षासाठीचा जीवनगौरव अर्जुन पुरस्कारही त्यांना मिळाला. जखमी सैनिकाची जिद्द आणि समाजाची स्मरणशक्ती यांच्या चालीत किती अंतर असते, हे या तारखांवरून दिसते.

पुण्यातील तीन संस्था

सैनिकांच्या पुनर्वसनाचे भारतातील सर्वांत जुने आणि जाणते कार्य पुण्यात झाले आहे. पहिल्या महायुद्धातून हातपाय गमावून परतलेल्या सैनिकांना एखादे कसब शिकवून पोटापाण्याला लावावे, या हेतूने १९१७ मध्ये मुंबईत क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि पुढे ती पुण्याजवळ खडकीला आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४४ मध्ये, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले, जिथे अवयव मोजून, घडवून, बसवून, त्यावर चालायला शिकवण्यापर्यंतची सारी कामे एका छताखाली होतात. नागरिकांनाही या केंद्राची सेवा मिळत आली आहे. मणक्याच्या जखमींसाठी खडकीतच १९७४ मध्ये पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र उभे राहिले. चाकाच्या खुर्चीवरून बास्केटबॉल खेळणारे, तोंडात कुंचला धरून चित्रे काढणारे आणि यंत्रांची कामे करणारे माजी सैनिक तिथे राहतात.

या संस्थांमध्ये उपकरणांइतकीच मोलाची असते ती सोबत. नुकताच पाय गेलेला वीस-बावीस वर्षांचा जवान तिथे पोहोचतो तेव्हा त्याला समजावण्यासाठी डॉक्टर जे बोलतो त्याहून, शेजारच्या खाटेवरचा माणूस सॉकेट चढवून सहज उठतो आणि चहा आणायला जातो, हे दृश्य त्याला अधिक सांगून जाते. सॉकेट म्हणजे कृत्रिम पायाचा वरचा वाटीसारखा भाग, ज्यात थोटूक बसते. तो एक दाणाभर सैल किंवा घट्ट झाला तरी त्वचा सोलली जाते. म्हणून अनुभवी माणूस सकाळी पाय चढवण्याआधी थोटकाखाली छोटा आरसा धरून त्वचेवर कुठे लाली आहे का ते पाहतो, मग सुती मोजा सुरकुती न पडू देता ओढतो, दिवस चढेल तसे थोटूक आकसते म्हणून दुपारी वरून आणखी एक मोजा घालतो, आणि रात्री पाय काढल्यावर मोजे धुऊन वाळत टाकतो. ही दिनचर्या नवख्याला जुना जवान शिकवतो. कोणत्याही पुस्तकापेक्षा तीच अधिक विश्वासाने स्वीकारली जाते.

मनाच्या जखमांबाबतही ही सोबत कामी येते. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यानंतर थरथरणाऱ्या, वाचा गेलेल्या सैनिकांच्या अवस्थेला 'शेल शॉक' म्हटले गेले आणि त्यांतल्या कित्येकांना भित्रे ठरवले गेले. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात या विकाराला आघातोत्तर ताणविकार असे नाव आणि निश्चित लक्षणे मिळाली: तोच प्रसंग पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, झोपेतून दचकून उठणे, अचानक आवाजाने घाबरणे, माणसांपासून दूर राहणे आणि विनाकारण संताप येणे. गोंदियाच्या गावात लग्नाच्या वरातीत सुतळी बॉम्ब फुटला आणि घरात परतलेला जवान कोपऱ्यात जाऊन बसला, तर त्याला भ्याड म्हणण्याऐवजी त्याच्याजवळ जाऊन बसणे आणि त्याला मानसोपचारतज्ज्ञापर्यंत नेणे, हा उपचाराचाच भाग आहे हे घरच्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवे.

धानाच्या बांधीत कृत्रिम पाय

गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस नागपूर, भुसावळ, मनमाड असा प्रवास करत पुण्यावरून कोल्हापूरला जाते. राज्याचे पूर्व टोक आणि पुणे यांना ही गाडी थेट जोडते, पण अंतर सुमारे एक हजार किलोमीटरचे आहे. पुण्यात उत्तम पाय बसवून जवान या गाडीने परत येतो, तेव्हा त्याच्या वाटेचा सर्वांत लांब आणि सर्वांत कमी सोयींचा टप्पा सुरू होतो. पहिल्या वर्ष-दीड वर्षात थोटूक आकसत जाते आणि सॉकेट बदलावे लागते; पुढेही पट्टा तुटतो, पाऊल झिजते, वजन वाढते-घटते. दर वेळी हजार किलोमीटरचा प्रवास, सोबतीला एक माणूस, त्याचा बुडणारा रोज आणि मुक्कामाचा खर्च, या हिशेबापुढे पुष्कळ घरांत दुरुस्ती लांबणीवर पडते. मग सैल पाय घालून माणूस चालतो, जखम होते, पाय कोपऱ्यात उभा राहतो आणि हातात पुन्हा कुबड्या येतात.

त्यातच गोंदियाची जमीन ही धानाची जमीन आहे. आषाढ-श्रावणात बांधीत चिखल होतो, पऱ्हे उपटून रोवणी चालते आणि घरातला प्रत्येक माणूस घोट्यापर्यंत गाळात असतो. सपाट फरशीवर सुरेख चालणारा, बूट घालूनच वापरायचा परदेशी घडणीचा पाय इथे कुचकामी ठरतो, कारण गाळ त्याला ओढून धरतो, सांध्यात पाणी शिरते आणि अरुंद धुऱ्यावरून चालताना टाच वळत नाही. जयपूर येथे १९६८ च्या सुमारास शल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी जो जयपूर फूट घडवला, तो नेमका याच गरजेतून जन्मला होता. रबर आणि लाकूड यांपासून केलेले हे पाऊल बाहेरून खऱ्या पावलासारखे दिसते, त्याला बुटाची गरज लागत नाही, ते पाण्याने खराब होत नाही आणि उकिडवे बसता येईल, मांडी घालता येईल, उंचसखल जमिनीवर चालता येईल इतके ते लवचीक असते. सेठी यांना या कार्यासाठी १९८१ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. भारतीय शेतकरी जमिनीवर बसून जेवतो, देवापुढे मांडी घालतो आणि शेतात अनवाणी चालतो, ही गोष्ट अवयवाच्या रचनेत धरली गेली, म्हणून तो पाय कोपऱ्यात उभा राहिला नाही. पुनर्वसनाच्या प्रत्येक साधनाला हीच कसोटी लावायला हवी: ते या घरात, या शेतात, या पावसाळ्यात वापरता येईल का?

घराच्या रचनेचाही विचार करावा लागतो. सपरीला चढणाऱ्या दोन पायऱ्या, उंच उंबरठा, अंगणाच्या टोकाला असलेला उकिडवे बसायचा संडास आणि पावसाळ्यात निसरडी होणारी वाट, या धडधाकट माणसाला न दिसणाऱ्या गोष्टी चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला घरातच कैद करतात. पायऱ्यांच्या जागी सिमेंटचा उतार, संडासात बसण्याची खुर्ची आणि भिंतीला धरायची पाइप एवढ्या बदलांना गवंड्याचे दोन-तीन दिवस पुरतात, परंतु त्यातून लुळ्या पडलेल्या माणसाला स्वतःच्या शरीराच्या गरजांसाठी दुसऱ्याला हाक मारावी न लागणे, हा मान परत मिळतो.

आणि जिथे मणक्याची जखम असते, तिथे ती दोन तासांची शिस्त घरात पत्नी किंवा आई पाळत असते. रुग्णालयात पाळीपाळीने तीन परिचारिका जे करतात, ते ती एकटी रात्रीच्या झोपेत गजर लावून, दिवसाचे रोवणीचे किंवा निंदणीचे काम सांभाळून करते. माकडहाडावर आणि टाचांवर हात फिरवून त्वचा तापली आहे का ते पाहते, चादरीची सुरकुती ओढून सरळ करते, नळी उकळून ठेवते. शंभर टक्के अपंगत्व आलेल्या सैनिकासाठी निवृत्तिवेतनाबरोबर सततच्या परिचर्येचा भत्ता देण्याची तरतूद आहे, ती अशा सेवेची दखल घेणारी आहे. तरीही या स्त्रियांना कोणी व्रणांची, नळीची, उचलण्याच्या पद्धतीची रीतसर शिकवण सहसा देत नाही. जखमी जवानाच्या धैर्याची गोष्ट सांगताना या स्त्रीचे धैर्य वगळले तर ती गोष्ट अर्धीच राहते.

साखळीची शेवटची कडी

कायद्याने जखमी सेवकाला काही आधार दिला आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा असे सांगतो, की सेवेत असताना अपंगत्व आलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला काढून टाकता येत नाही किंवा त्याची पदावनती करता येत नाही. मूळ काम जमत नसेल तर त्याला त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे आणि तेही नसेल तर योग्य जागा मिळेपर्यंत जादा पदावर ठेवावे. शासन काही आस्थापनांना यातून सूट देऊ शकते, म्हणून आपल्या सेवेला कोणते नियम लागू आहेत हे प्रत्येक जवानाने आणि त्याच्या घरच्यांनी नीट समजून घेणे आवश्यक असते. सैन्यात युद्धात जखमी झालेल्यांना पराक्रम पदक दिले जाते आणि युद्धजखमींचे निवृत्तिवेतन वेगळे मोजले जाते. माजी सैनिकाला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची वाट माहीत असते. पोलीस जवानाला आपल्या दलाच्या कल्याण शाखेकडे जावे लागते. कागदपत्रांच्या या फेऱ्या कुबड्यांवरून माराव्या लागू नयेत, यासाठी गावातील शिक्षक, ग्रामसेवक किंवा शिकलेला भाचा-पुतण्या यांनी त्याच्यासोबत जाणे, ही मोठी मदत असते.

यापलीकडे जिल्ह्याने काय करावे, याचे उत्तर वरच्या वर्णनातच आहे. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. सॉकेट दुरुस्त करणारा आणि नवे मापणारा कारागीर, भौतिकोपचार देणारा तज्ज्ञ, व्रणांची तपासणी करणारी परिचारिका आणि आठवड्यातून एकदा तरी मोकळेपणाने बोलता येईल असा मानसोपचारतज्ज्ञ, एवढी चार माणसे जिल्ह्याच्या ठिकाणी कायम उपलब्ध असली, तर पुण्याची हजार किलोमीटरची वाट वर्षातून कित्येक वेळा वाचेल. ही सोय जवानांपुरती राहणार नाही. रेल्वेखाली, मळणीयंत्रात किंवा मोटारसायकलच्या अपघातात हातपाय गमावलेल्या शेतकऱ्याला आणि मजुरालाही तिचा तेवढाच उपयोग होईल. लष्करी वैद्यकातून आलेले ज्ञान सामान्य माणसांच्या कामी येणे, ही या इतिहासातील जुनीच रीत आहे; गुट्टमान यांची दोन तासांची शिस्त आज जगभरच्या अनेक रुग्णालयांत पाळली जाते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी संघटनेचा ज्येष्ठ नेता भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र, मध्य प्रदेश व छत्तीसगड विभागाच्या प्रवक्त्यासह काहींनी गोंदियात शरणागती पत्करली. पूर्व विदर्भाच्या जंगलांतला गोळीबार मावळत चालला आहे, ही सर्वांच्या समाधानाची गोष्ट आहे. परंतु संघर्ष शांत होतो तेव्हा त्याच्या बातम्या थांबतात, त्याच्या निधीचे शीर्षक बदलते आणि सत्काराचे प्रसंगही विरळ होतात. शरीरावरच्या जखमा मात्र त्या वेळापत्रकाने चालत नाहीत. पंचविशीत पाय गमावलेल्या गोंदियाच्या जवानाला २०६५ सालीही नवे सॉकेट लागणार आहे, आणि ते कोण मापणार, कुठे घडवणार आणि त्याला तिथवर कोण नेणार, याची व्यवस्था आजच लावून ठेवायची आहे.